अर्धं आवतण

१

त्या रविवारी भामाबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या आणि दमयंती त्यांच्यासमोर पेपर वाचत होती. २०११ चा जानेवारी होता. कोन गावात तेव्हा घरांपेक्षा जाहिरातींचे फलक जास्त झाले होते. ओट्यावरून पूर्वी डोंगर दिसायचा, आता तिथं एक हसरं कुटुंब हातात किल्ली घेऊन उभं होतं.

"शेंग सोलाया पन चष्मा लागतो का तुमच्या कालेजान?" भामाबाईंनी लेकीला डिवचलं. दमयंती पनवेलच्या कॉलेजात ग्रंथपाल होती आणि आईच्या लेखी ते फार जपून बोलायचं, फार कमी हात चालवायचं काम होतं.

"मी सोलत नाहीये आई, वाचतेय."

"तेच म्हनतंय मी."

भामाबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो वा नसो, धवलारीण पाटावर बसल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नाहीत. ती धवले गाते. गाण्यातून आधी देवांना आवतण देते, मग मेलेल्यांना, आणि सगळं पार पडलं की आलेल्यांची बोळवण करून त्यांना परत पाठवते. चाळीस वर्षं भामाबाईंनी अर्ध्या तालुक्याची लग्नं लावली होती.

"पुढल्या ऐतवारी लवकर ये," त्या एकदम म्हणाल्या. "बरी साडी नेस."

"का? कुठं जायचंय?"

"काम हाय."

"कसलं काम?"

"तू ये गो. पोलीस असल्यागत इचारू नको."

दमयंती हसली. सोललेले वाल डब्यात घेऊन ती पाचच्या रिक्षानं पनवेलला घरी गेली. उतरताना तिच्या लक्षात आलं की आईनं आज एकदाही गुडघ्यांची तक्रार केली नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. भामाबाई ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या आणि गेलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. ते थकलेलं आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण अंगावर हिरवं लुगडं होतं, फक्त लग्नाला नेसायचं; शेजारणीनं ते सकाळी नऊलाच पाहिलं होतं. आणि शेजारी एक पाट मांडलेला होता. रिकामा.

तो पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात.

२

चौथ्या दिवशी, रविवारी, ऊन पार माथ्यावर आलेलं असताना दमयंतीनं आईचा आवाज ऐकला.

ती आतल्या खोलीत आईची लुगडी घडी करत होती. आवाज गल्लीच्या टोकाकडून आला. आधी बारीक, मग जवळ. आई चालत येत असावी तसा. दमयंतीच्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आईला उशीर झालाय, उन्हातून आली, पाणी द्यायला हवं. दुसरा विचार यायला काही क्षण गेले.

गल्लीतली दारं एकामागून एक बंद होत होती.

आवाज दाराशी आला. "आवतण देतंय वेशीच्या देवाला, आवतण देतंय डोंगरीच्या आईला…" आणि त्याच दमात, मध्येच, एका तरुण पुरुषाचा खणखणीत आवाज त्याच्यावर चढला: "आवतण आलंय! हायवेपासून पाच मिनिटांवर, एक आणि दोन बेडरूमचे प्रशस्त फ्लॅट! सहकुटुंब या, सँपल फ्लॅट बघा!"

भोंगा लावलेली रिक्षा ओट्यासमोरून हळू गेली. पुढच्या वळणावर भामाबाई पुन्हा गायला लागल्या.

दमयंती बाहेर आली तेव्हा सोनाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या होत्या. तीस वर्षं त्या भामाबाईंच्या जोडीला गात होत्या. धवला एकटीनं गायचा नसतो. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. सोनाबाई झेलणाऱ्या.

"बिस्तरवारपासून फिरतेय ती रिक्षा," सोनाबाई म्हणाल्या. "त्या दिशी पयल्यांदा आली, अकराला. तुझी आय बाराला ग्येली. मंग दुखवटा म्हनून दोन दिस या गल्लीन आनली नाय. गाव बोलतं, सोताचा चोरलेला धवला आयकला आन् काळीज फुटलं."

"तुम्ही काय म्हणता, मावशी?"

"मी काय बोलनार! मना निस्ती भीती वाटते." सोनाबाईंनी गल्लीकडे हात केला. प्रत्येक उंबऱ्याबाहेर पानावर भात ठेवलेला होता. "आवतण दिलंय. देवांना दिलंय, मंग मेलेल्यांना. बोळवण नाय. आलेली मान्सा परत जातील कशी? सकाळी पानं रिकामी असतात, बघ तू."

"कुत्री खात असतील."

"चार दिस झाले, गावान येक कुत्रा भुंकला नाय."

तेही खरं होतं.

"मेलेले म्हणजे कोणते मेलेले?" दमयंतीनं विचारलं.

"ज्या घरचं लगीन, त्या घरचे. नाव घेऊन बोलवायचं, वयाच्या मानानं. दुसऱ्या घरचं नाव चुकून घेतलं तर धवलारनीची जीभ झडते." त्या उठल्या. रिकाम्या पाटाकडे त्यांनी पाहिलं नाही. "तो पाट तू उचलू नको. आवतण दिलेल्याला बसाया मांडतात तसा हाय. कोनाला दिलं तिनं, ते काय मना ठाव नाय."

३

संध्याकाळी धनेश आला. तो गावदेवी मंदिर समितीचा अध्यक्ष होता, दमयंतीपेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि भामाबाईंना मावशी म्हणायचा. बरोबर टाइप केलेला अर्ज होता.

"ताई, इथं सही. चोरी, धार्मिक भावना दुखावणं, आणि मावशीचा मृत्यू. तिन्ही लावलंय."

"कुणावर?"

"प्रितेशवर. पनवेलचा स्टुडिओवाला. वैशाखात माझ्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग त्यानंच केलं. मावशी आणि सोनाबाई गायल्या होत्या. त्यातून धवला उचलला आणि त्या बिल्डर कुंदनशेठला विकला. प्रितेशकडे मावशीच्या अंगठ्याचा कागद आहे म्हणे. अंगठा काय, दारूच्या दुकानातपण घेता येतो."

"तुम्ही त्याला विचारलंत?"

धनेशनं नजर वळवली. "विचारलं. बोलतो, मावशी स्वतः येऊन गायली. मग आमच्या माणसांचा हात सुटला थोडा. काच फुटली. कॉम्प्युटर आणलाय, पुरावा म्हणून. तो पण पडला जरा."

"म्हणजे मूळ रेकॉर्डिंग गेलं."

"चोराचा माल गेला, त्याचं काय एवढं!" मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, माझी आजी रोज दारात भात ठेवते आणि रडते. पवित्र गोष्ट आहे ही. साबणाचं गाणं आहे का? दहाव्याला गाव जमेल. त्याच्या आत सही झाली तर बरं. नाही झाली, तर गाव स्वतः बघेल त्याच्याकडे. मग मला जबाबदार धरू नको."

दमयंतीनं अर्ज घेतला. वारस म्हणून तिचं नाव नीट, पूर्ण लिहिलेलं होतं. आईवर अन्याय झाला असेल तर तिला सही करायचीच होती. पण हिरव्या लुगड्याचं कोडं तिच्या मनातून जात नव्हतं. आपला धवला चोरीला गेलाय हे माणसाला अकरा वाजता कळलं, तर तो अकराच्या आधी लुगडं कशाला बदलेल?

४

कुंदनचं ऑफिस त्याच्याच फलकाखाली होतं. तोही आगरी, कोनचाच. त्याच्या वडिलांच्या शेतावर आता सात मजले उभे राहत होते. त्यानं दमयंतीला बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि भामाबाईंबद्दल खरं वाईट वाटल्यासारखं बोलला.

"पण रिक्षा थांबवणार नाही, ताई. आधीच सांगतो."

"का?"

"हळदीला डीजेवर जे वाजतं त्यानं कुणाची भावना दुखावते का? तेव्हा हाच धनेश पुढं नाचतो. धवला कुणाच्या मालकीचा आहे? समितीच्या? मला गाणं हवं होतं, आपल्या लोकांचं. प्रितेशनं सांगितलं, भामाबाई गातील. त्यांनी दिलं, मी वाजवलं. उद्या माझ्या जाहिरातीत कोणता शब्द चालेल हे धनेशला विचारून ठरवायचं, मग परवा तो माझ्या बिल्डिंगचं नावपण ठरवेल."

"सगळ्यांच्या दारात भात आहे, कुंदनशेठ."

"माहितेय." तो ओशाळून हसला. "माझी आईपण ठेवते. सहाव्या मजल्यावर. लिफ्टसमोर."

"मग अर्धंच का वाजवलंत? आवतणावर तोडलंत."

"तेवढंच होतं. प्रितेश बोलला, बाईंनी तेवढंच गायलंय. बाकीचं नंतर देतो म्हणाल्या." त्यानं खांदे उडवले. "आणि भोंग्याला वीस सेकंद पुरतात."

"तुम्ही त्यांना गाताना पाहिलंत?"

"नाही."

म्हणजे प्रितेशचा शब्द सोडून कशालाच आधार नव्हता.

"सुरुवात गुरुवारीच का केलीत?"

कुंदन विचारात पडला. "बुधवारी करणार होतो. प्रितेशचा फोन आला, गुरुवारीच करा, बाईंचा तसा आग्रह आहे. मला वाटलं दत्ताचा वार म्हणून असेल. म्हातारी माणसं, आपण नाही म्हणत नाही."

५

प्रितेशचा स्टुडिओ उरण नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर होता. फुटलेल्या काचेच्या जागी पुठ्ठा लावला होता. पंचविशीतला प्रितेश दारातच उभा राहिला आणि दमयंतीला ओळखल्यावर बाजूला झाला.

"तुम्हीपण मारायला आलात का?"

"नाही. ऐकायला आलेय."

त्याच्याकडे जाहिरातीची एक सीडी उरली होती. त्यानं ती लावली, तिला हेडफोन दिला, आणि स्वतः भिंतीला टेकून जमिनीवर बसला.

पहिल्यांदा दमयंतीला काहीच ऐकू आलं नाही, कारण ती रडत होती. प्रितेशनं सीडी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा तिच्या लक्षात आलं की ओळ झेलणारं कुणी नाही. आई एकटी गात होती आणि प्रत्येक ओळीनंतर थांबत होती, सोनाबाईंनी झेलावं तेवढा वेळ. त्या जागी नुसती शांतता.

"एकट्याच आल्या होत्या," प्रितेश म्हणाला. "पण धनेश बोलतो, दुसरा आवाज मी कॉम्प्युटरवर पुसला."

"पुसता येतो?"

"थोडाफार. कुणाला समजावणार?"

ती तिसऱ्यांदा ऐकायला लागली. पुरुषाचा आवाज चढला: आवतण आलंय. ती हेडफोन काढणार, इतक्यात तिला जाणवलं की गाणं थांबलेलं नाही. त्या माणसाच्या आवाजाखाली, फ्लॅटच्या आणि बेडरूमच्या खाली, बंद दाराआडून यावा तसा, आई अजून गात होती. कुणाला तरी बोलावत होती. नावं घेत होती.

दमयंतीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला.

"गणूबाबाला…" हायवेपासून पाच मिनिटांवर. "जानकीआयला…" एक आणि दोन बेडरूमचे. "पोरवयातल्या ठकूला…" सहकुटुंब या.

आणि मग, जाहिरात संपता संपता, अगदी हळू, नवऱ्याचं नाव घेताना बायका अडखळतात तेवढं अडखळून, "काशिरामाला."

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खोलीत बरंच ऊन होतं. तरी तिला मागं वळून बघावंसं वाटलं नाही.

"प्रितेश," ती म्हणाली, "आई उरलेलं कधी गाणार होती?"

त्यानं मान वर केली. "रविवारी. मी बाराची वेळ ठेवली होती. म्हणाल्या, बोळवण पोरगी समोर बसल्यावरच. तुम्हाला आधी सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. त्या गेल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार होतो?"

६

दहाव्याचे विधी उरकल्यावर गाव देवळापुढच्या मांडवात जमलं. प्रितेशला धनेशच्या माणसांनी आणून एका बाजूला उभं केलं होतं. कुंदन आईला घेऊन आला होता. दमयंतीच्या सांगण्यावरून रिक्षाही आणली होती. धनेशनं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं धरलं.

"सही करण्याआधी मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत," दमयंती म्हणाली. कॉलेजात बोलते त्याच आवाजात ती बोलली. दुसरा आवाज त्या क्षणी तिच्याकडे नव्हता. "आई गुरुवारी लग्नाचं लुगडं नेसून बसली होती. रिक्षा यायच्या आधी. म्हणजे रिक्षा येणार हे तिला माहीत होतं. ती धक्क्यानं गेली नाही, ती ऐकायला बसली होती."

"देवळात जायला नेसली असेल," धनेश म्हणाला.

"असेल. धनेश, तुझ्या आजोबांचं नाव काय?"

"धर्मा. का?"

"तुझ्या बहिणीच्या लग्नात आवतणात ते नाव घेतलं होतं ना?"

"घेतलंच होतं!"

"मग आता ऐका. तो माणूस बोलायला लागला की त्याच्याकडे लक्ष देऊ नका. त्याच्या मागे ऐका."

रिक्षावाल्यानं बटण दाबलं. दोनशे माणसं भोंग्याकडे झुकली. पहिल्या वेळी कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी सोनाबाई उभ्या राहिल्या. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या नावं ओठांत घोळवायला लागल्या. गणू. जानकी. ठकू. चौथ्या नावाला कुणीतरी मोठ्यानं श्वास घेतला. त्यानंतर नुसती भोंग्याची खरखर ऐकू येत राहिली.

"यात धर्मा नाही," दमयंती म्हणाली. "ही माझ्या घरची माणसं आहेत, आजोबा, आजी, लहानपणीच गेलेली आत्या. शेवटचे माझे वडील, ते दोन हजार तीनमध्ये गेले. ज्या घरचं लग्न त्या घरचीच नावं घेतात, हे सोनामावशी सांगतील. वडील गेल्यानंतर आमच्या घरात एकच लग्न झालं. माझं, दोन हजार सातमध्ये, नोंदणी कार्यालयात. तिथं धवला झालाच नाही. मग हा धवला कुठल्या लग्नाच्या टेपमधून चोरणार? असं लग्न झालेलंच नाही."

धनेशच्या हातातलं पेन खाली आलं.

"ती स्वतः प्रितेशकडे गेली. एकटी गायली. गुरुवारीच सुरुवात करायला लावली आणि रविवारी मला बोलावलं, बोळवणीला. गुरुवार ते रविवार. जुन्या पद्धतीनं लग्न किती दिवसांचं असतं?"

"चार," सोनाबाई म्हणाल्या. "पोरीचं लगीन लावलंन गो तिनं. बापाला पाट मांडलान. आन् मना झेलाया बोलावलं नाय."

"तुम्ही नाही म्हणाला असता, मावशी. भोंग्यावरून म्हटल्यावर."

सोनाबाईंनी पदर तोंडाला लावला. पण मान हलवली, होय म्हणून.

"पन भोंग्यावरूनच का?" कुंदनची आई मागून म्हणाली. "घरान गायची."

उत्तर प्रितेशनं दिलं. "मी विचारलं होतं. म्हणाल्या, पाटावर बसून गायलं की आता लोक जेवायला उठतात. भोंग्यापासून उठून जाता येत नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

दमयंतीनं अर्जाची घडी घातली. "कुंदनशेठ, तुम्ही चोरी केली नाहीत. पण तिनं दिलं ते लग्न होतं, तुम्ही वाजवलंत ते दार उघडं टाकणं होतं. पूर्ण वाजवता येत नसेल तर वाजवू नका. हा हुकूम नाही, मागणं आहे." मग ती धनेशकडे वळली. "आणि आपला धवला कुणाला द्यायचा, हे ठरवायला आईला तुझी परवानगी लागत नव्हती. माझीही नाही. प्रितेशची काच भरून दे."

धनेशनं पेनाला टोपण लावलं. मग प्रितेशजवळ उभ्या असलेल्या माणसांना त्यानं हातानं बाजूला व्हायला सांगितलं. कुंदननं आईकडे पाहिलं, मग रिक्षावाल्याकडे. रिक्षावाला भोंगा सोडवायला लागला.

"येक सांग, ताई," धनेश म्हणाला. आता त्याच्या आवाजात अध्यक्ष नव्हता. "मावशी आमाला बोलली होती, जावयाला सुट्टी नव्हती म्हनून लगीन कोर्टात झालं. मंग इतकी वरसा मनात का धरून बसली?"

आईनं आपल्या वतीनं गावाला काय सांगितलं होतं हे दमयंतीला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं.

सोनाबाई पुढं आल्या. त्यांनी पदर खोचला, मांडवाच्या मधोमध पाट मागवला. "बस झालं. दहा दिस झाले, आलेली मान्सा उंबऱ्यात उभी हायत. तीबी त्यांच्यातच असंल. एकटीनं गायचा नसतो, पन मी बोळवण बोलतंय. जाऊंदे त्यांना."

त्यांनी डोळे मिटले, तोंड उघडलं.

"थांबा, मावशी." दमयंतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "ती जायच्या आधी मला तिला सांगायचंय."

बाहेर, गल्लीच्या तोंडाशी, उन्हात कुणीच नव्हतं. दमयंती तिकडेच तोंड करून उभी राहिली.

"आई, सुट्टी होती," ती म्हणाली. "दहा दिवसांची होती. तू विचारलंस, मी गाऊ ना, आणि मी म्हटलं वेळ नाही. सासरची, पुण्याची माणसं येणार होती. तू त्यांच्यासमोर पाटावर बसून गाशील याची मला लाज वाटत होती. वेळ होता, आई. मला तुझी लाज वाटली."